दोन पेट्या आणि एक कोरी वही

भिवंडीच्या नारपोलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे. तिथे मी युनिफॉर्ममध्ये उभा राहिलो की कुणी ना कुणी विचारतोच, "साहेब, आता तर सगळं ऑटोमॅटिक झालंय ना? तुम्ही नुसते बसता ना तिकडे?" पूर्वी मी समजावून सांगायचो. आता म्हणतो, "हो, नुसता बसतो." विचारणाऱ्यालाही तेच ऐकायचं असतं. कंपनीची गाडी आमच्या गल्लीत येत नाही. ड्रायव्हर हायवेवरूनच फोन करतो, "साब, अंदर बहुत ट्रॅफिक है, आप बाहर आ जाओ." मग मी हातगाड्यांवरचे कापडाचे तागे चुकवत, बॅग ओढत बाहेर जातो आणि मागून टपरीवाला ओरडतो, "आज कुठे बसायला?"

मी सहवैमानिक आहे. विमानात पुढे उजव्या खुर्चीत बसतो, डाव्या खुर्चीत कॅप्टन. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. भिवंडीतच बी.एस्सी. केलं, मग आदिवासी मुलांसाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीवर विमान चालवायला शिकलो. हे मी कुणी न विचारता सांगतो आणि सांगताना मान खाली घालत नाही. माझा बा शेलार गावाच्या पुढच्या एका पाड्यावरून नारपोलीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आला, तेव्हा त्याला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं, अजूनही येत नाही. त्यामुळे ज्यांना लिहिता येतं ती माणसं लिहायचं टाळतात तेव्हा माझं डोकं फिरतं. त्या सकाळी ते जे फिरलं, ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

प्रत्येक विमानात एक वही असते, दर उड्डाणाला एक पान. उड्डाणात काही बिघडलं, काही वेगळं वाटलं, तर उतरल्यावर कॅप्टनने ते त्या वहीत लिहायचं, सही करायची. मग इंजिनिअर येतो, बघतो, दुरुस्त करतो, तोही लिहितो. पुढचे वैमानिक आधी ती वही वाचतात आणि मगच विमान ताब्यात घेतात. नियम इतका साधा की तिसरीतल्या पोराला कळावा. पण लिहिलं की इंजिनिअरची वाट बघा, उशीर होतो, वरून फोन येतो, "कॅप्टन, एवढं अर्जंट होतं का?" म्हणून मोठे मोठे अनुभवी लोक वही कोरी ठेवतात आणि विमान सोपवताना तोंडाने सांगून मोकळे होतात.

दक्षिणेतल्या एका शहरात आम्ही रात्री हॉटेलात मुक्काम केला आणि सकाळी, नुकत्याच उतरलेल्या क्रूकडून विमान ताब्यात घेतलं. जायचं होतं मुंबईला. माझे कॅप्टन उत्तरेकडचे, पन्नाशी ओलांडलेले, उडवण्यात हात एकदम साफ. त्यांच्याबरोबर ड्युटी लागली की आम्ही ज्युनिअर खूश असायचो, कारण ते ओरडत नाहीत आणि डबा वाटून खातात. उतरलेल्या कॅप्टनने विमानाच्या जिन्यातच त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

"सर, एक आयएलएस थोडा नखरा करता है. स्विच ऑफ-ऑन कर दो, ठीक हो जाता है."

"कोई बात नहीं," आमचे साहेब म्हणाले.

तो माणूस गेलासुद्धा. मी आत जाऊन वही उघडली. मागची पानं चाळली. काही नाही. मी विचारलं, "सर, कौन सा वाला? एक नंबर या दो नंबर?"

"अरे, देख लेंगे. तुम फ्युएल चेक करो."

मी फ्युएल चेक केलं. खाली उतरून त्या कॅप्टनला गाठायला हवं होतं, गाडीत बसायच्या आत. नाही गाठलं. दुसऱ्यांवर बोट दाखवायच्या आधी हे माझं लिहून ठेवतो.

आता हे आयएलएस काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धुकं असलं, धावपट्टी दिसत नसली, तर विमानतळावरून दोन अदृश्य रेघा सोडलेल्या असतात. एक सांगते की तुम्ही डावीकडे आहात की उजवीकडे. दुसरी सांगते की उताराच्या वर आहात की खाली. विमानात हे ऐकणाऱ्या दोन पेट्या असतात. एक नंबरची पेटी कॅप्टनच्या स्क्रीनला दाखवते, दोन नंबरची माझ्या. स्क्रीनवर एक लहानशी खूण असते. खूण मध्यावर म्हणजे सगळं बरोबर. खूण वर गेली म्हणजे उतार वर राहिला आणि आपण खाली आलो. आणि त्या दिवशी विमान उडवत होते साहेब, म्हणजे ऑटोपायलट त्यांच्या पेटीचं ऐकत होता. माझं काम लक्ष ठेवायचं, रेडिओवर बोलायचं आणि चुकत असेल तर सांगायचं.

तिसरा एक साक्षीदार असतो. धावपट्टी किती मैलांवर आहे ते वेगळं यंत्र दाखवतं. मैलांना तीनशेने गुणलं की साधारण तितके फूट उंची पाहिजे. दहा मैलांवर तीन हजार. नऊ मैलांवर सत्तावीसशे. हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. मी नगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलो, त्यामुळे इंग्रजीत कितीही बोललो तरी माझा गुणाकार मराठीतच होतो, आणि ओठ हलवल्याशिवाय होत नाही. दहा त्रिक तीस. नऊ त्रिक सत्तावीस.

जानेवारी होता. मुंबईवर, ठाण्यावर, आमच्या भिवंडीवर राखाडी धुरकं बसलेलं. समोर दीड किलोमीटरच्या पलीकडचं काही दिसणार नाही असं रेडिओवर सांगितलं होतं. आम्हाला ईशान्येकडून वळवून आणलं. खाली भिवंडी असणार हे मला नकाशावरून कळत होतं. काचेतून बघाल तर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं.

दहा मैलांवर दोन्ही खुणा मध्यावर. मी ठरलेली वाक्यं बोललो, साहेबांनी ठरलेली उत्तरं दिली. चाकं खाली घेतली. नऊ मैलांवरही ठीक. आठ मैलांवर माझी खूण हळूच वर सरकली. साहेबांची मध्यावरच, खिळा ठोकल्यासारखी.

"आठ त्रिक चोवीस," मी पुटपुटलो. उंची होती बावीसशे.

"क्या बड़बड़ा रहे हो?" साहेब समोर बघतच म्हणाले.

"कुछ नहीं सर."

ते "कुछ नहीं" मला आजही टोचतं. गणित बरोबर आलेलं पोरगं मास्तरांनी विचारल्यावर गप्प बसतं तसं. दोनशे फूट खाली होतो आणि मी म्हणालो कुछ नहीं. आमच्या प्रशिक्षणात यासाठी एक पूर्ण दिवस घालवतात, बोला, मोठ्याने बोला, कॅप्टनला राग आला तरी बोला. मी त्या परीक्षेत पहिला आलो होतो.

सात मैल. सात त्रिक एकवीस. उंची साडेसतराशे. माझी खूण आता पार वर गेली होती.

"सर, मेरी साइड पे हम नीचे हैं. काफी नीचे."

"मेरा सेंटर में है. तुम्हारा वाला ही तो खराब है."

"किसने बोला सर?"

"बताया था ना उन्होंने."

"उन्होंने 'एक' बोला था. कौन सा, वो नहीं बोला."

साहेबांनी आपल्या खुणेवर बोट टेकवलं. एरवी खाली गेलं की विमान स्वतःच ओरडून सांगतं, पण ओरडणारं ते यंत्रही साहेबांच्याच पेटीचं ऐकतं, त्यामुळे ते गप्प होतं. मागे दीडशेवर माणसं सीटबेल्ट लावून बसलेली, पुढे धावपट्टीच्या अलीकडे टेकड्या, आणि आम्ही दोघं शिकलेली माणसं वाद घालतोय की खराब पेटी कुणाची. खराब म्हणजे ज्युनिअरचीच असणार, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्यांचाच दोष म्हणत नाही. एक सेकंद मीही धरलं होतं.

सहा मैल. तेराशे फूट.

या वेळी मी पुटपुटलो नाही. "सिक्स माइल्स. अठरा सौ चाहिए, तेरा सौ है. गो अराउंड."

गो अराउंड म्हणजे उतरायचं सोडा, वर चला. हे शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारले तरी उडवणाऱ्याने वाद न घालता वर जायचं असतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एक क्षण काही झालं नाही. मग त्यांचा हात पुढे गेला, इंजिनं गरजली, नाक वर आलं. "गो अराउंड. फ्लॅप्स," ते म्हणाले, आवाजात काही फरक नाही. मी पंखांचे फ्लॅप उचलले, उंची वाढतेय ते सांगितलं, चाकं आत घेतली, टॉवरला कळवलं. एवढ्या वेळात आम्ही एकमेकांना एकही जास्तीचा शब्द बोललो नाही, आणि काही चुकलंही नाही. पाठ केलेलं असतं. हात करत राहतात.

तीन हजार फुटांवर सरळ झाल्यावर मागून फोन वाजला. केबिनची सीनिअर, डोंबिवलीची, आमच्या सगळ्यांची ताई.

"लोकांना काय सांगू?"

"सांगा, विमानतळावर वेळ लागतोय."

"ते मी सांगितलं. सातव्या रांगेतला एकजण विचारतोय, पायलट नवीन आहे का."

"त्याला म्हणावं, दोघंही जुने आहेत."

"हसू नका. दोघी-तिघी रडतायत इथे." तिने फोन ठेवला. मी हसत नव्हतो.

पुन्हा ईशान्येकडे. पुन्हा ती गोधडी. साहेबांनी नाकावरून हात फिरवला.

"यू हॅव कंट्रोल," ते म्हणाले. "तुम उड़ाओ, तुम्हारी पेटी से. मैं देखता हूँ."

"सर, मेरी भी गलत हो सकती है."

"इसीलिए तो. हर मील पे चेक करेंगे. दोनों में फर्क आया तो फिर ऊपर, और फिर कहीं और जाएँगे, जहाँ आँख से दिखे." मग म्हणाले, "और वो जो बड़बड़ा रहे थे, वो ज़ोर से बोलना."

"मराठी में है सर."

"तो मराठी में बोलो. नंबर तो मैं समझ लूँगा. बत्तीस साल से मुंबई में हूँ."

आम्ही दुसरा ऑटोपायलट लावला, माझी पेटी ऐकणारा. साहेबांची स्क्रीनही माझ्या पेटीवर न टाकता मुद्दाम तशीच ठेवली, खोटं बोलणारीही समोर दिसू दे म्हणून. आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा जेट विमानाच्या कॉकपिटमध्ये मोठ्याने पाढा म्हटला.

"दहा," साहेब म्हणायचे.

"दहा त्रिक तीस."

"थ्री थाउजंड. ठीक."

"नऊ त्रिक सत्तावीस."

"टू सेवन फिफ्टी. ठीक."

"आठ त्रिक चोवीस."

"ठीक. मेरा वाला फिर नीचे खींच रहा है. झूठा."

सातला ठीक. सहाला ठीक. पाच मैलांवर पंधराशेला पन्नास कमी, मी उतार जरा सावरला. साहेब एकेक आकडा असा तपासत होते की आमच्या शाळेतले गुरुजीही इतके कडक नव्हते. चार. तीन. दोन. चारशेच्या जरा खाली धुरक्यातून दिव्यांची रांग दिसली, मधोमध, जिथे असायला हवी तिथे. "लाइट्स," साहेब म्हणाले. मी उतरवलं. जरा आपटलं. साहेब म्हणाले, "अब सातवीं रो वाले को पक्का हो गया."

इथपर्यंत मला कुणाबद्दल तक्रार नव्हती. खरं तर मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटत होतं. ज्युनिअरच्या एका शब्दावर वर जाणं, मग त्याच्याच हातात विमान देणं आणि स्वतः त्याचा पाढा तपासत बसणं, हे सगळ्यांना जमत नाही. इंजिनं बंद झाली. लोक उतरले. मी वही काढून साहेबांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी घड्याळ बघितलं.

"अगली फ्लाइट चालीस मिनट में है," ते म्हणाले. "फुल है. इसमें लिखेंगे तो खड़ा रहेगा. रिपोर्ट मैं घर से भर दूँगा. और अगले कॅप्टन को मुँह से बता देता हूँ, एक नंबर मत लेना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

आमच्या लूमच्या शेडमध्ये इतका आवाज असतो की तोंडाने सांगून काही उपयोग नाही. शेजारचा कानाशी येऊन ओरडला तरी अर्धं कळतं. म्हणून तिथे एक रीत होती. एखादा लूम धागा तोडायला लागला, शटल नीट जाईना, की शिफ्ट संपताना त्याच्या लोखंडी चौकटीला लाल चिंधी बांधून जायची. पुढच्या शिफ्टचा माणूस आला की आधी चिंध्या बघायचा. चिंधी दिसली की मिस्त्रीला बोलवायचा, तोवर लूम चालू करायचा नाही. मी शाळकरी असताना बाला डबा द्यायला जायचो, तेव्हा एकदा विचारलं होतं की समोर उभ्या माणसाला सरळ खुणेने सांगत का नाही.

"खुणेनी एकाला कलंल," बा म्हणाला होता. "तो गेला ना त्याचे संगती गेला. चिंधी हितंच ऱ्हाते. लूम हाय तवर ऱ्हाते."

"मालक ओरडत नाही? लूम बंद ठेवला म्हणून?"

"वरडतो ना. वरडू दे. हात तुटला तं तो देतो काय नवा?"

माझा बा सहीच्या जागी अंगठा उठवतो. आणि इथे माझ्या शेजारी डिग्रीवाला, चार पट्ट्यांचा, बत्तीस वर्षं मुंबईत राहिलेला माणूस, खिशात दोन पेनं, म्हणतो मुँह से बता देता हूँ. चीड त्याचीही आली, पण त्याहून जास्त याची की तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"सर," मी म्हणालो, "सकाळी पण मुँह से ही बताया था."

त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं.

"तेरा सौ पे थे सर. टेकड़ी..." पुढे मला हिंदी सुचेना. मग मराठीतच म्हणालो, "साहेब, तो माणूस जिन्यात बोलला आणि घरी गेला. आता तुम्ही बोलणार आणि घरी जाणार. संध्याकाळी हे विमान घेऊन कोण बसेल ते आपल्याला माहीतसुद्धा नाही."

एवढं बोलून मी गप्प झालो, कारण त्यापुढे मी बोललो असतो ते कॅप्टनशी बोलायचं नसतं. खालून सामान उतरवणाऱ्यांचे आवाज येत होते. ताईने दारातून डोकावून विचारलं, "चहा?" आणि आमचे चेहरे बघून निघून गेली.

"तुम लिखो," अखेर ते म्हणाले. "मैं साइन करता हूँ. अक्षर तुम्हारा अच्छा है."

मी लिहिलं. एक नंबरची पेटी खूण मध्यावर दाखवते, प्रत्यक्षात सहा मैलांवर पाचशे फूट खाली. दोन नंबरची पेटी अंतर आणि उंचीशी जुळते. धोक्याची सूचना आली नाही. साहेबांनी दोनदा वाचलं. सही केली. पण पेन उचललं नाही, माझ्या ओळींखाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ घातली: हा बिघाड सकाळी तोंडी कळवण्यात आला होता, कोणती पेटी ते आम्ही विचारून घेतलं नाही. हे त्यांना महागात पडणार होतं. त्यांना माहीत होतं, मलाही. मी म्हणालो, "सर, विचारलं होतं मी." ते म्हणाले, "पूछा तुमने था. साइन मेरा है."

तेवढ्यात पुढचा कॅप्टन आला. तरुण, घाईत, गॉगल डोक्यावर.

"सर, सुना आपने लिख दिया? यार, मेरी बेटी का बर्थडे है, शाम को लौटना है. कौन सा है, बस बता दो, दूसरे से चला लेंगे."

साहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि वही फिरवून त्याच्यासमोर धरली. त्याने वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर गॉगल काढला. मग बर्थडेचं काही बोलला नाही, फक्त घरी फोन लावायला बाहेर गेला.

इंजिनिअर यायला वीस मिनिटं लागली. कळव्याचा निघाला, माझ्याशी मराठीत बोलला. गेटच्या काचेआड पुढचे प्रवासी उभे होते आणि आमच्याकडे बोट दाखवून आपसात काहीतरी म्हणत होते. काय म्हणत असतील ते मी सांगू शकतो. इंजिनिअरने वही घेतली, आमचं पान वाचलं, मग मागची पानं उलटून बघितली, एक एक, जिभेला बोट लावून. बिघाडाची जागा सगळीकडे कोरी.

"पहिल्यांदाच झालं का हे?" त्याने विचारलं.

मी साहेबांकडे बघितलं. प्रश्न मराठीत होता, पण त्यांना कळला होता.

"लिखा पहली बार है," साहेब म्हणाले.

"म्हणजे जुनंच," इंजिनिअर म्हणाला, आणि टॉर्च घेऊन पेटी काढायला खाली गेला.